पहाटेचा सामना आणि अर्धं मैदान



जुलैमधल्या एका शनिवार-रविवारची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. खरं म्हणजे त्या दोन पहाटेंपेक्षा, त्या पहाटेंनी आम्हाला जी शोधाशोध करायला लावली ती सांगायची आहे. आम्ही म्हणजे रामदासपेठेतल्या एका जुन्या इमारतीतल्या पाच जणी. सगळ्यात लहान बावन्न वर्षांची, सगळ्यात मोठी चौऱ्याहत्तरची. भिशी आमची वीस वर्षं चालू आहे, लेंड्रा पार्कमधलं फिरणंही चालू आहे, म्हणजे गुडघे परवानगी देतील तेवढं. खेळाचं म्हणाल तर क्रिकेट सोडून फारसं काही आम्ही बघत नव्हतो.

झालं असं, की आमच्यातल्या एकीची भाची अमेरिकेत इंडियानापोलिस शहरात राहते. १८ आणि १९ जुलै २०२५ला तिथे बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, म्हणजे डब्ल्यूएनबीएचा, ऑल-स्टार सोहळा होता. वर्षातून एकदा सगळ्या संघांतल्या उत्तम खेळाडू एकत्र येतात. पहिल्या दिवशी नेमबाजीच्या आणि कौशल्याच्या स्पर्धा, दुसऱ्या दिवशी प्रदर्शनीय सामना. भाचीनं तिकीट काढलं ते कॅटलिन क्लार्क खेळणार म्हणून. ही इंडियानापोलिसच्याच संघाची मुलगी, तिकडे तिची लोकप्रियता आपल्या स्मृती मानधनासारखी समजा. आणि नेमकी ती दुखापतीमुळे खेळली नाही! भाचीचा फोन आला तेव्हा ती रडवेली झाली होती. मावशीनं तिची समजूत काढली, "अगं, तू जा तर खरी. आम्हीपण इकडून बघतो तुझ्यासोबत." बोलून बसली, आणि मग आम्हाला बघावंच लागलं.

तिकडची रात्र म्हणजे इकडची पहाट. शनिवारी साडेपाचला आम्ही पाच जणी एका बैठकीत, नातीचा लॅपटॉप टीव्हीला जोडलेला, बाहेर पाऊस, आणि आत आल्याचा चहा. नात चौदा वर्षांची आहे. ती शिवाजीनगर जिमखान्याच्या मैदानावर बास्केटबॉल खेळायला जाते, त्यामुळे आमची समालोचक तीच. तिसरी पॉइंट लाइन कोणती आणि फाऊल कशाला म्हणतात हे तिनं आम्हाला तीन-तीनदा सांगितलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "आजी, तू फक्त बॉल बघ."

त्या पहाटे सब्रिना आयोनेस्कू नावाच्या मुलीनं लांबून टोपलीत चेंडू टाकायची स्पर्धा जिंकली, ३० गुण मिळवून. तिला बक्षीस किती, असं आमच्यातल्या बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी लगेच विचारलं. सवय जात नाही. नातीनं शोधून सांगितलं, की लीगच्या करारात या बक्षिसाची रक्कम २,५७५ डॉलर आहे. एका विमा कंपनीनं प्रायोजक म्हणून वरून भर घातली आणि ती ६०,००० डॉलर झाली.

तेवढ्यात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई ओली छत्री झटकत आत आल्या. त्यांनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "हे तर दिवाळीच्या साडीसारखंच झालं न काकू. साडी मस्त भारी देते, पगार नाही वाढवत."

आम्ही जरा वेळ गप्पच बसलो. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सहाला, मुख्य सामना. खेळाडू सरावाला मैदानात आल्या आणि सगळ्यांच्या अंगात एकसारखे काळे टी-शर्ट. त्यावरच्या इंग्रजी ओळीचा अर्थ होता, तुम्ही आमचं जे देणं लागता ते द्या. प्रदर्शनीय सामन्याला, म्हणजे जिथे सजायचं, हसायचं, सेल्फी काढायच्या, तिथे या मुली मालकांकडे मजुरी मागत उभ्या होत्या. दोन दिवस आधी गुरुवारी त्यांची मालकांबरोबर बैठक झाली होती, चाळीसहून जास्त खेळाडू त्या बैठकीला होत्या, आणि हाती काही लागलं नव्हतं. सामना संपल्यावर बक्षीस देताना प्रेक्षकच ओरडायला लागले, "पे देम! पे देम!" यांना पैसे द्या. भाचीनं तिकडून फोन सुरू ठेवला होता, त्यातूनही तोच गजर. सोळा हजारांवर माणसं होती तिथे.

सामना तसा गमतीचाच. टोपलीपासून २८ फुटांवर गोल आखलेले, तिथून टाकला तर चार गुण. त्यामुळे धावफलक १५१-१३१ असा फुगलेला. नफीसा कॉलियरच्या संघानं तो जिंकला. तिनं एकटीनं ३६ गुण केले, ऑल-स्टारमधला नवा विक्रम. पण त्या टी-शर्टनं आमचं लक्ष खेळावरून उडालं. या मुलींना मिळतं तरी किती? आणि हे मागणं आजचं की जुनं? पुढचे दोन-तीन आठवडे आम्ही तेच वाचत बसलो. त्यातलं थोडं आज तुमच्यासमोर ठेवतो.

बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर १८९१मध्ये जन्मला. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर बर्फ, आत कंटाळलेली अठरा मुलं. त्यांना गुंतवायला नेस्मिथनी पीचच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला, दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. टोपलीला बूड होतं, त्यामुळे दर वेळी शिडी लावून चेंडू काढावा लागे. (हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, टोपली बाईनं दिली असती तर आधीच फाटकी दिली असती.)

इतपत बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. त्याच्या पुढचं फारसं कोणी सांगत नाही. काही दिवसांतच शेजारच्या शाळेतल्या शिक्षिका दुपारच्या सुट्टीत हा आरडाओरडा काय म्हणून बघायला आल्या आणि आम्हालाही खेळू द्या म्हणाल्या. नेस्मिथनी हो म्हटलं. त्या पहिल्या खेळणाऱ्या बायकांत मॉड शेरमन होती. पुढे १८९४मध्ये नेस्मिथनी तिच्याशीच लग्न केलं. म्हणजे पुरुषांचा खेळ होता आणि पुष्कळ नंतर बायका त्यात शिरल्या, असं या खेळाबाबत म्हणता येत नाही. टोपल्या ठोकल्या त्या पहिल्या हिवाळ्यापासून बायका खेळत आहेत.

त्याच सुमाराला तीसेक किलोमीटरवरच्या स्मिथ कॉलेजात, म्हणजे मुलींच्या कॉलेजात, सेंडा बेरेन्सन ही लिथुआनियात जन्मलेली तरुण शिक्षिका व्यायाम शिकवत होती. तिनं या खेळाबद्दल वाचलं आणि १८९२मध्ये मुलींना तो शिकवला. २२ मार्च १८९३ला पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला. पुरुषांना आत प्रवेश नव्हता, कारण मुली घोळदार विजारीत खेळणार होत्या. सुरुवातीलाच बाईंनी चेंडू वर फेकला, हात चुकून एका मुलीच्या दंडाला लागला आणि तिचा खांदा निखळला. तिला बाजूला नेलं, दुसरी आली, सामना झाला. हा प्रसंग आम्हाला फार आवडला. खांदा निखळला म्हणून खेळ बंद करा, असं कोणी म्हटलं नाही.

पण बेरेन्सनबाईंनी दुसरं एक केलं, आणि त्याबद्दल आमच्यात एकमत नाही. मुलींना फार दमायला होऊ नये, धसमुसळेपणा होऊ नये म्हणून त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले. ज्या भागात उभी केली त्याच भागात मुलीनं राहायचं. दुसरीच्या हातून चेंडू हिसकायचा नाही. चेंडू तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही. आमच्यातल्या शिक्षिका म्हणतात, त्या काळात हा खेळ मुलींच्या हाती टिकवायचा असेल तर एवढी तडजोड करावीच लागली असेल, नाहीतर डॉक्टर आणि पालक यांनी खेळच बंद पाडला असता. दुसऱ्या दोघी म्हणतात, तडजोड दहा वर्षांची असते, शंभर वर्षांची नसते.

कारण ती खरंच शंभर वर्षं चालली. अमेरिकेच्या आयोवा राज्यात शाळकरी मुली सहा-सहाच्या संघात खेळायच्या, तिघी अर्ध्या मैदानात, तिघी दुसऱ्या अर्ध्यात. मधली रेषा ओलांडायची नाही. चेंडू दोनदाच आपटायचा. एका अर्ध्यातल्या तिघी टोपलीत चेंडू टाकणार, दुसऱ्या अर्ध्यातल्या तिघी फक्त अडवणार. म्हणजे एखादी मुलगी चार वर्षं शाळेच्या संघात खेळली आणि एकदाही टोपलीत चेंडू टाकला नाही, असं होऊ शकायचं. तिकडे या खेळाला गर्दी अफाट व्हायची, गावंच्या गावं लोटायची, हेही खरं. हा प्रकार १९९३मध्ये पूर्ण बंद झाला. १९९३! आमच्या घरी तेव्हा केबल टीव्ही आला होता. आणि ज्या कॅटलिन क्लार्कसाठी भाची रडली ती याच आयोवाची.

इथे आमच्यातल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकू पहिल्यांदा बोलल्या. शाळेत असताना त्या बास्केटबॉल खेळायच्या. कोणत्या शाळेत ते त्यांनी नाव घेऊ नका म्हणून सांगितलंय. नववीत गेल्यावर बाईंनी सांगितलं, आता पंजाबी ड्रेसवर ओढणी घेऊन, पिनांनी लावून खेळायचं. त्यांनी तसंही खेळून बघितलं. मग सांगितलं, संध्याकाळी पाचनंतर मुलींनी मैदानात थांबायचं नाही. मुलांचा सराव पाचला सुरू व्हायचा, शाळा साडेचारला सुटायची. उरला अर्धा तास. "आम्हाला नं बाई, अर्धं मैदान नाही, अर्धा तास मिळाला," असं म्हणून त्या हसल्या. पन्नास वर्षांत हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्ही तर त्यांना फक्त लोणच्यासाठी ओळखत होतो.

बायकांनी हा खेळ पैशासाठी खेळायची गोष्ट १९३६पासून सुरू होते. त्या वर्षी मिसूरी राज्यात ऑल अमेरिकन रेड हेड्स नावाचा संघ निघाला. मालकाच्या बायकोची केशरचनेची पार्लरं होती, म्हणून सगळ्या खेळाडूंनी केस लाल रंगवायचे असं ठरलं. मोटारीनं गावोगाव फिरायचं, पुरुषांच्या संघांशी पुरुषांच्याच नियमांनी, पूर्ण मैदानात खेळायचं, आणि मधूनमधून गमतीचे खेळ करून लोकांना हसवायचं. एका हंगामात दोनशेच्या घरात सामने. बहुतेक ठिकाणी त्या जिंकायच्या. पन्नास वर्षं, १९८६पर्यंत, हा संघ चालला. तमाशाच्या फडासारखं त्यांचं आयुष्य. कला अंगात असली तरी केस लालच पाहिजेत.

१९७८मध्ये बायकांची पहिली व्यावसायिक लीग निघाली, डब्ल्यूबीएल. तीन हंगामांत बुडाली. खेळाडूंचे पगाराचे चेक बँकेतून परत यायचे. कॅलिफोर्नियातल्या एका संघानं तर आपल्या खेळाडूंना चालणं, बसणं, मेकअप शिकवणाऱ्या वर्गाला पाठवलं होतं. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ला आला, बायकांचा १९७६ला. चाळीस वर्षांचं अंतर.

मग १९९७ला आजची डब्ल्यूएनबीए सुरू झाली. पहिला सामना २१ जूनला, लॉस एंजेलिसमध्ये, आठ संघांची लीग. शेरिल स्वूप्स ही तिच्यातली सगळ्यात मोठी खेळाडू पहिल्या सामन्याला नव्हती, कारण ती बाळंत व्हायची होती. २५ जूनला तिला मुलगा झाला आणि सहा आठवड्यांनी ती मैदानात उतरली. सहा आठवडे म्हणजे आपल्याकडे डिंकाचे लाडू पण संपत नाहीत. तिच्या ह्यूस्टनच्या संघानं पहिली चारही विजेतेपदं घेतली, आणि २००८मध्ये तोच संघ मालक मिळेना म्हणून बंद झाला.

बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार हे या लीगमध्ये २०२०च्या करारात आलं. त्याआधी अर्धा मिळायचा. नफीसा कॉलियर, जिनं आम्ही बघितलेल्या सामन्यात ३६ गुण केले, तिला २०२२च्या मे महिन्यात मुलगी झाली आणि ऑगस्टमध्ये ती परत खेळली.

आता पैशाचं. आमच्या बँकवाल्या बाईंनी वही घेऊन हे समजावून सांगितलं. २०२५मध्ये डब्ल्यूएनबीएत कमीत कमी पगार ६६ हजार डॉलरच्या आसपास आणि जास्तीत जास्त अडीच लाखांच्या थोडा खाली. आपल्या रुपयांत सत्तावन्न लाख ते दोन कोटी. "एवढे मिळतात आणि यांना कमी वाटतात?" असं आमच्यातली एक म्हणालीच. तुमच्यातल्याही काही जणींच्या मनात आलं असेल. म्हणून पुढचं ऐका. पुरुषांच्या लीगमध्ये नव्या पोराचा कमीत कमी पगार बारा लाख डॉलरांच्या वर आहे. पण या मुली तेवढा मागत नव्हत्या. पुरुषांची लीग मोठी आहे, तिची कमाई कैकपट आहे, हे त्यांना मान्य आहे. त्यांचं मागणं वाट्याचं होतं. पुरुषांच्या लीगला खेळातून जे उत्पन्न येतं त्यातला साधारण निम्मा भाग खेळाडूंना जातो. बायकांच्या लीगमध्ये २०२५मध्ये तो वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असल्याचा हिशोब मांडला जात होता. आणि २०२६पासून टीव्हीवाल्यांनी या लीगला अकरा वर्षांसाठी २२० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलंय.

हे ऐकल्यावर आमच्यातली जी सर्वात जास्त शंका काढत होती ती म्हणाली, "म्हणजे बटईचं भांडण आहे होय हे!" तिचं माहेर वर्ध्याकडचं, शेतीचं. जमीन त्याची, मेहनत हिची. पीक कमी आलं तेव्हा वाटा कमी, हे ती समजू शकते. पीक दुप्पट आलं तरी वाटा तोच, हे तिला पटत नाही. बँकवाल्या बाईंनी वहीत तीन पानं भरली होती, तिनं एका शब्दात उरकलं.

लीगवाले म्हणतात आम्ही वर्षानुवर्षं तोट्यात चालवली. तेही खोटं नसावं. पण त्या तोट्याच्या काळात खेळाडू काय करायच्या, तर उन्हाळ्यात अमेरिकेत खेळायचं आणि हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीन इथे जाऊन पोट भरायचं. डायना टॉरासी नावाच्या मोठ्या खेळाडूला तिच्या रशियन क्लबनं २०१५मध्ये सांगितलं, उन्हाळ्यात तिकडे खेळू नकोस, आराम कर, त्याचे पैसे आम्ही देतो. आणि ती घरी बसली! घरी बसायचे जास्त मिळत होते. २०२२मध्ये ब्रिटनी ग्रायनर रशियात पकडली गेली, दहा महिने अडकली. तीही तिथे अशीच हिवाळ्यातल्या पगारासाठी जात होती. आता कॉलियर आणि तिची मैत्रीण ब्रिआना स्टुअर्ट यांनी २०२५च्या जानेवारीत मायामीत स्वतःचीच तीन-तीन खेळाडूंची लीग काढली, अनरायव्हल्ड. तिथे सरासरी पगार दोन लाख डॉलरांच्या वर आणि खेळाडूंना मालकीत वाटा. बचत गटाच्या बायकांना हे नवीन वाटणार नाही.

आपल्याकडे काय? बास्केटबॉल भारतात वायएमसीएमुळेच पसरला, मद्रासला त्यांचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज १९२०मध्ये निघालं. बायकांसाठी आपल्याकडे 'व्यावसायिक' या शब्दाचा अर्थ मात्र बराच काळ लीग असा नव्हता. आपल्याकडे त्याचा अर्थ रेल्वेची नोकरी. क्रीडा कोट्यातून लागायचं, महिन्याचा पगार, पास, पेन्शन, आणि रेल्वेच्या संघातून खेळायचं. राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षं रेल्वेच्या मुली पहिल्या येतात त्याचं कारण हेच, सगळ्या उत्तम खेळाडू तिथेच गोळा होतात. नागपूर म्हणजे तर रेल्वेचंच गाव, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्या मते या नोकरीचं श्रेय कमी लेखू नये. ज्या घरात मुलीचा खेळ म्हणजे वेळ घालवणं होतं, त्या घरात 'खेळली तर नोकरी लागेल' या एका वाक्यानं तिला बूट मिळाले.

केरळच्या कोट्टयमची गीतू अन्ना जोस अशीच दक्षिण रेल्वेत. सहा फूट दोन इंच उंच. ऑस्ट्रेलियात क्लबकडून खेळून आली, आणि २०११मध्ये तिला डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी चाचणीला बोलावलं. असं बोलावणं आलेली ती पहिली भारतीय. करार झाला नाही. पण आमची नात तिचं नाव घेते तेव्हा हरलेल्या माणसाचं नाव घेतल्यासारखं घेत नाही. वाराणसीच्या सिंह बहिणी, दिव्या, प्रशांती, आकांक्षा, प्रतिमा, चौघीही भारताकडून खेळल्या. प्रशांतीला २०१९मध्ये पद्मश्री मिळाली. तमिळनाडूच्या अनिता पॉलदुराईला २०२१मध्ये, आणि ती आई झाल्यावरही भारताच्या संघात परतली होती. जुलै २०१७मध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या दुसऱ्या गटाच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं दोन गुणांनी हरवलं आणि वरच्या गटात गेल्या. तुमच्यातल्या कितीजणींना हे आठवतं? आम्हाला एकीलाही नाही. त्याच आठवड्यात क्रिकेटच्या मुलींचा लॉर्ड्सवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना होता, तो आम्ही पाचही जणींनी बघितला, हरल्यावर जेवलोही नाही. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली आणि आपल्या नागपूरची सिया देवधर भारताची जर्सी घालून खेळली, हेही आम्हाला नातीनं सांगितलं.

प्रदर्शनीय सामन्यांचा आपला अनुभव फार बरा नाही. कबड्डीची पुरुषांची लीग २०१४मध्ये सुरू झाली. २०१६मध्ये त्याच लीगबरोबर बायकांचे तीन संघ करून सामने दाखवले. एका संघाची कर्णधार आपली मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती. अंतिम सामना एका गुणानं सुटला, लोकांनी आवडीनं बघितला. आणि पुढच्या वर्षी तो झालाच नाही. हा खेळ आपल्या मातीतला, आपल्या मुली त्यात जगात पहिल्या, तरी ही तऱ्हा. क्रिकेटमध्ये २०२२च्या ऑक्टोबरपासून सामन्याचं मानधन बायकांना आणि पुरुषांना सारखं झालं, ही मोठीच गोष्ट आहे. वार्षिक करारात मात्र २०२५मध्येही पन्नास लाख आणि सात कोटी असा फरक होता.

हे सगळं वाचत असतानाच आपल्या शहरात काय घडलं ते तुम्हाला माहीत आहेच. २८ जुलैला नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियात बटुमी इथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, एकोणिसाव्या वर्षी, कोनेरू हम्पीला हरवून, आणि ग्रँडमास्टर झाली. आमच्या इमारतीत पेढे वाटले. बँकवाल्या बाईंनी पेढा खाता खाता विचारलं, "बक्षीस किती?" पन्नास हजार डॉलर. आणि खुल्या विश्वचषकाला, जो बहुतेक पुरुषच खेळतात, २०२३मध्ये पहिलं बक्षीस एक लाख दहा हजार होतं. याच दिव्यानं जानेवारी २०२४मध्ये, नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर लिहिलं होतं, की प्रेक्षक तिच्या चालींपेक्षा तिचे कपडे, केस आणि बोलण्याची ढब याच गोष्टी बघत होते. अठरा वर्षांची होती तेव्हा. आम्ही लाल केसांच्या रेड हेड्सबद्दल वाचून हसलो होतो, त्याला आठवडाही झाला नव्हता.

आता घरची गोष्ट सांगून थांबतो. आमची समालोचक नात पुढच्या वर्षी दहावीत जाईल. घरात जूनपासूनच ठरल्यासारखं होतं, की दिवाळीनंतर मैदान बंद, सकाळची वेळ क्लासला. कोणी तिला वाईट म्हणून म्हणत नव्हतं, सगळे तिच्या भल्याचंच म्हणत होते, आणि तीही काही बोलली नव्हती. त्या रविवारी सामना संपल्यावर आम्ही तर्री-पोहे खात होतो तेव्हा लोणच्यावाल्या काकूंनी तिच्या आईला विचारलं, "सूनबाई, क्लास किती वाजता सुटतो?" सात वाजता. "आणि मैदानावर सराव?" साडेसहा ते आठ. काकू म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा अर्धा तासाचंच भांडण आहे." बराच वेळ चर्चा झाली. आई म्हणाली, मार्क कमी पडले तर तुम्ही जबाबदारी घेणार का? रास्त प्रश्न आहे, आणि आमच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. तूर्त ठरलंय ते एवढंच, की क्लासची दुसरी तुकडी मिळते का बघायचं, आणि दिवाळीपर्यंत आठवड्यातले तीन दिवस सोडणं-आणणं आम्ही पाच जणींनी वाटून घ्यायचं, म्हणजे आईची ऑफिसची धावपळ वाचेल.

आणि ताईंचं. त्या दिवाळीच्या साडीच्या बोलण्यानंतर आठ दिवसांनी आम्ही पाच घरांनी मिळून त्यांच्याशी बोलायचं ठरवलं. आम्हाला वाटलं त्या पगार वाढवा म्हणतील. त्यांनी आधी महिन्यातून दोन पगारी सुट्ट्या मागितल्या, पगार त्याच्यानंतर. म्हणाल्या, "पैसे तर पाहिजेच वो काकू, पण सुट्टी कापली नाही पाहिजे." पाचपैकी चार घरांनी दोन्ही कबूल केलं. पाचव्या घराचं अजून चाललंय. ते घर कोणाचं ते आम्ही सांगत नाही, कारण तीही हे ऐकत बसली असेल.

बुधवारची पाळी लोणच्यावाल्या काकूंची असते. त्या बाकावर बसतात, छत्री गुडघ्यावर, आणि मुली चेंडू आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतात ते बघतात. मागच्या बुधवारी चेंडू त्यांच्या पायाशी आला. त्यांनी उचलून परत टाकला, दोन्ही हातांनी, छातीपासून, अगदी शिकवल्यासारखा. नात घरी येऊन म्हणाली, "आजी, काकूंचा पास सरळ आला."